अंगातला मुक्काम : परजीवी आणि आपली प्रतिकारशक्ती

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. ताप चढे, उतरे, माणूस बरा झाला असे वाटे आणि पुन्हा चढे. पाच महिने हे चालले. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा लाल पेशींच्या गर्दीतून वळवळत जाणारा एक जीव दिसला, आणि तापाच्या खेपांबरोबर त्याची संख्याही वरखाली होत होती. तो होता ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे गुरे, घोडे आणि उंट यांना होणाऱ्या सर्रा रोगाचा परजीवी. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे तो आजारी जनावरांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडच्या पशुवैद्यांना सर्रा चांगला परिचयाचा आहे. पण तो माणसाला होत नाही, असेच सगळे धरून चालले होते.

मग याला कसा झाला? उत्तर २००६ मध्ये मिळाले, आणि ते मला या सगळ्या विषयाचे दार वाटते. माणसाच्या रक्तद्रवात अपोएल-१ नावाचे एक प्रथिन असते. ट्रिपॅनोसोमा आजूबाजूचे अन्न ओढून घेतो तेव्हा हे प्रथिनही आत जाते, त्याच्या पेशीतल्या पाचक पिशवीच्या आवरणाला भोके पाडते आणि तो फुगून फुटतो. जनावरांना आजारी पाडणारा हा जीव माणसाच्या रक्तात टिकत नाही तो एवढ्यासाठी. या शेतकऱ्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता, त्याच्या रक्तात अपोएल-१ नव्हतेच. एरवी त्याच्या प्रतिकारशक्तीत काही उणे सापडले नाही. त्याच्या रक्तद्रवात प्रयोगशाळेत हे प्रथिन मिसळल्यावर परजीवी मरू लागले. गावातल्या अठराशेहून अधिक लोकांची रक्ततपासणी झाली. कित्येकांच्या रक्तात या परजीवीशी गाठ पडल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे, दिसली. पण ज्यांच्यात त्या ठळक होत्या त्यांच्याही रक्तात जिवंत परजीवी सापडला नाही. हा परजीवी वाहून नेणाऱ्या माश्या सगळ्यांनाच चावत होत्या. आजारी पडला एकटा हा. सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला.

गुराढोरांत राहणाऱ्या माणसांच्या अंगात अशा किती लढाया तापसुद्धा न येता संपत असतील, याचा अंदाज या एका प्रसंगावरून येतो. पण जे परजीवी आपल्यात टिकतात त्यांचे काय? फ्लूचा विषाणू आठवड्याभरात आपले काम उरकून पुढच्या माणसाकडे जातो. हिवतापाचा परजीवी महिनोन्महिने राहतो, हत्तीरोगाचा कृमी सहा ते आठ वर्षे, आणि रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा तर तीस वर्षांनंतरही अंडी घालताना आढळला आहे. एवढा मोठा, एवढा परका जीव इतकी वर्षे आपल्या रक्तात राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला काढून लावत नाही, हे सहजासहजी पचणारे नाही. याचे उत्तर देताना बहुतेक वेळा परजीवी कसे लपतात तेवढेच सांगितले जाते. मला वाटते, लपणे हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग देवघेवीचा आहे, आणि रोग म्हणून आपण जे भोगतो त्यातले पुष्कळसे ही देवघेव फिसकटल्याने घडते.

आधी वेषांतराकडे पाहू. त्यात ट्रिपॅनोसोमाचा हात धरणारा कोणी नाही. १९१० मध्ये लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी आफ्रिकेतून आलेल्या, ट्रिपॅनोसोमाच्याच भाऊबंदांमुळे होणाऱ्या निद्रारोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजले. आलेख काढला तर लाटा दिसल्या : संख्या वाढे, कोसळे, पुन्हा वाढे. कारण कळायला अर्धे शतक गेले. या जिवाच्या अंगावर एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात. आपली प्रतिपिंडे त्या प्रथिनाला ओळखायला शिकतात आणि परजीवींचा फडशा पाडतात. पण तोवर हजारोंतल्या एखाद्याने निराळ्या प्रथिनाचे आवरण चढवलेले असते. पुढची लाट त्याच्या वंशजांची. अशी आवरणे घडवणारी जनुके त्याच्याजवळ दोन हजारांच्या आसपास आहेत, आणि एका वेळी वापरात असते फक्त एक. बरीचशी जनुके मोडकी आहेत, पण त्यांचेही तुकडे जोडून तो नवे आवरण शिवतो. गोधडीसारखे.

त्याची आणखी एक युक्ती २००७ मध्ये उघड झाली. हा जीव सतत पोहत असतो. त्याच्या आवरणाला प्रतिपिंड चिकटले की पोहण्याच्या वेगाने ते पाण्याच्या ओढीत सापडल्यासारखे मागे मागे सरकते, शेपटाच्या बुडाशी असलेल्या एका खळग्यात जाते आणि तिथे गिळून पचवले जाते. अंगाला लागलेली खूण तो पोहता पोहता पुसतो.

पण वेषांतराइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की हाच जीव आपली संख्या स्वतःहून आवरतो. रक्तात गर्दी झाली की त्यातले पुष्कळसे परजीवी विभाजन थांबवून आखूड, ठेंगणे रूप घेतात आणि माशीची वाट पाहतात. यजमान लवकर मेला तर माशीने चावायचे कोणाला? उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले आहे की तो प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची स्मृती पुसून टाकतो. आधी दिलेल्या निराळ्याच रोगावरच्या लशीचा परिणामसुद्धा नाहीसा होतो. निद्रारोगावर लस का नाही, याचे उत्तर इथे आहे.

या झटापटीची किंमत माणसानेही मोजली आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एका ट्रिपॅनोसोमाने अपोएल-१ला पकडून निकामी करणारे प्रथिन मिळवले. त्यावर मात करणारी अपोएल-१ची दोन बदललेली रूपे आफ्रिकी वंशाच्या लोकांत पसरली. २०१० मध्ये कळले की तीच रूपे आईवडील दोघांकडून आली तर मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका खूप वाढतो. अमेरिकेतले कितीतरी कृष्णवर्णीय आज डायलिसिसवर आहेत, त्यामागचे एक कारण त्यांच्या पूर्वजांना चावलेली एक माशी आहे. वैद्यकाच्या इतिहासात याहून करुण गोष्टी फार नसतील.

हिवतापाचा फॅल्सिपॅरम परजीवी लाल पेशीत राहतो. लाल पेशीत केंद्रक नसते, म्हणून आत कोण शिरले हे ती प्रतिकारपेशींना दाखवू शकत नाही. घर सुरक्षित, पण एक अडचण आहे : पांथरी. जुनी, कडक झालेली लाल पेशी पांथरीतून जाताना गाळली जाते, आणि परजीवीने व्यापलेली पेशी कडकच असते. म्हणून हा परजीवी आपले एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो आणि त्याच्या आधाराने पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो. पांथरीकडे जाणेच नको. पण बाहेर काढलेला हा हात प्रतिपिंडांना दिसतो, तेव्हा त्याचेही सुमारे साठ प्रकार, एका वेळी एक. पेशी मेंदूतल्या वाहिन्यांना चिकटल्या की मेंदूचा मलेरिया होतो. परजीवीने स्वतःच्या बचावासाठी केलेली सोय माणसाचा जीव घेते.

यातला एक प्रकार गर्भारपणात वारेला चिकटतो. हिवतापाच्या प्रदेशात वाढलेल्या, मलेरियाला सरावलेल्या बाईला पहिल्या गर्भारपणात तो पुन्हा जोरात होतो, कारण वारेला चिकटणारे हे रूप तिच्या शरीराने कधी पाहिलेलेच नसते. मूल कमी वजनाचे जन्मते. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला प्रतिपिंडे तयार असतात. पहिलटकरणीला जास्त जपावे असे घरातल्या बायका नेहमी म्हणत आल्या आहेत. या एका बाबतीत त्यांच्या सांगण्याला रेणूपातळीचा आधार आहे.

मलेरियाचा परजीवी आपल्या प्रतिकारपेशींवरचे ब्रेकही दाबतो. पेशीने उगाच भडकू नये म्हणून तिच्यावर काही ग्राहक रेणू असतात. परजीवीची काही प्रथिने नेमकी त्यांनाच जाऊन चिकटतात. आफ्रिकेतल्या काही लोकांच्या शरीराने यावर काढलेला तोडगा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वाचून मी थक्क झालो. त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकात त्याच ब्रेकचा तुकडा येऊन बसला आहे. परजीवी ब्रेक समजून ज्याला चिकटतो ते प्रतिपिंडच निघते.

एवढ्या बदलत्या शत्रूवर लस करायची तर तो सर्वात उघडा आणि संख्येने सर्वात कमी असतो तो क्षण गाठावा लागतो. डास चावल्यावर यकृतापर्यंत पोचायला परजीवीला थोडाच वेळ लागतो, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर एक फारसे न बदलणारे प्रथिन असते. २०२१ आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लशी त्यावरच बेतलेल्या आहेत. दुसरी, आर-२१, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून आणली. आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठीच्या मलेरियाच्या लशीचे उत्पादन पुण्यात होते, याचा मला अभिमान वाटतो. मात्र यकृतात शिरण्याआधीची ती घटका चुकली की पुढे साठ मुखवट्यांशी गाठ आहे, आणि लशीचे संरक्षण अर्धेमुर्धे का, चौथा डोस का लागतो, हे त्यावरून समजते.

काळा आजार घडवणारा लिशमॅनिया वेगळी वाट धरतो. विल्यम लिशमन आणि मद्रासमधले चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी १९०३ मध्ये आपापली निरीक्षणे प्रसिद्ध केली, म्हणून त्याचे नाव लिशमॅनिया डोनोव्हनी. जंतूंना गिळून पचवणे हेच ज्या भक्षकपेशींचे काम, त्यांच्याच पोटात हा राहतो. वाळूमाशी चावताच रक्तातली काही संरक्षक प्रथिने त्याच्या अंगावर बसतात. तो ती पूर्ण झटकत नाही, कापून अर्धवट ठेवतो. त्या अर्धवट खुणेमुळे भक्षकपेशी त्याला गिळते खरी, पण ज्या दाराने गिळते तिथे धोक्याची घंटा वाजत नाही. आत गेल्यावर पेशीची विषारी मारा करण्याची तयारी तो मंदावतो आणि तिथेच वाढतो.

आपल्या प्रतिकारशक्तीबद्दल आज जे पाठ्यपुस्तकात असते त्यातला मोठा भाग या परजीवीने शिकवला आहे. मदतनीस टी पेशींचे दोन पंथ असतात, असे १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी मांडले. एक पंथ भक्षकपेशींना मारायला उठवतो, दुसरा प्रतिपिंडांकडे कल देतो. हे फक्त काचेच्या बशीतले की खऱ्या आजारातले? लिशमॅनियाने उत्तर दिले. उंदरांचा एक वाण पहिल्या वाटेने जातो आणि बरा होतो, दुसरा वाण दुसऱ्या वाटेने जातो आणि मरतो. परजीवी तोच.

बरा झालेला रुग्णही नेहमी मोकळा होत नाही. काळ्या आजारातून उठलेल्या काही जणांच्या त्वचेवर पुढे महिन्यांनी, वर्षांनी फिकट डाग आणि गाठी येतात. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात हे प्रथम वर्णिले. माणूस काम करतो, हिंडतो, त्याला ताप नसतो. परजीवी त्वचेत शांतपणे बसलेला असतो आणि वाळूमाशीला तिथूनच मिळतो. बिहारमधून हा रोग हटवायचा तर या डागांकडे आधी पाहावे लागेल. दुखत नाही म्हणून गरीब माणूस दवाखान्यात येत नाही, आणि त्याने रोजगार बुडवून यावे अशी अपेक्षा आपण धरतो, याची मला खंत वाटते.

टॉक्सोप्लाझ्मा या आणखी एका एकपेशीय परजीवीबद्दल थोडक्यात. तो पेशीत शिरताना स्वतःसाठी वेगळी खोली बांधतो, ती फोडायला आलेल्या प्रथिनांना निकामी करतो आणि शेवटी मेंदूत किंवा स्नायूत पुटी करून जन्मभर पडून राहतो. प्रतिकारशक्ती सांभाळून असेल तोवर गप्प. एचआयव्हीने ती खचली की मेंदूत जागा होतो.

आता कृमी, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. एकपेशीय परजीवी लपू तरी शकतात. बोटभर लांबीचा किडा लपणार कुठे?

शिस्टोसोमाचे उत्तर स्मिथर्स आणि टेरी यांनी १९६९ च्या सुमारास दाखवले. उंदरात वाढलेले कृमी त्यांनी माकडात घातले. ते थोडे अडखळले, पण जगले. मग अशी माकडे घेतली ज्यांना उंदराच्या पेशींविरुद्ध आधीच तयार केले होते. त्यांत ते कृमी मेले. अर्थ उघड होता : कृमीने उंदराचेच रेणू अंगावर पांघरले होते. यजमानाचे कपडे घालून तो यजमानाच्या रक्तात बसतो. याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. आत बसलेले जुने कृमी नव्याने शिरू पाहणाऱ्या पिलांविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी ठेवतात, आणि स्वतः तिच्यातून सुटतात. घर आपले, गर्दी नको.

शिस्टोसोमामुळे होणाऱ्या रोगाचा एक दुवा कोकणात आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मानवी शिस्टोसोमाचे ठाणे नोंदवले. भारतात हा रोग मुळात नाहीच असे समजले जात असताना ही नोंद झाली.

शिस्टोसोमाची मादी अंडी घालते रक्तवाहिनीत, पण अंड्यांना जायचे असते बाहेर, लघवी किंवा शौचावाटे पाण्यात. मधली भिंत ओलांडायची कशी? ज्या उंदरांची प्रतिकारशक्ती निकामी केली आहे त्यांच्यात अंडी फारच कमी बाहेर पडतात. म्हणजे अंड्याभोवती जमणाऱ्या प्रतिकारपेशींच्या गाठीच त्याला आतड्याच्या भिंतीतून पलीकडे ढकलतात. आपली प्रतिकारशक्ती इथे कृमीची सुईण झाली. जी अंडी वाट चुकून यकृतात अडकतात त्यांच्याभोवतीच्या गाठींनी यकृत कडक होते आणि माणूस रक्ताची उलटी होऊन मरतो. कृमी स्वतः फारसे काही करत नाही.

हाच धडा डुकराच्या पट्टकृमीच्या पुटीकडून मिळतो, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात, पिल्लू मेंदूत पोचते आणि पुटी धरून बसते. जिवंत असेपर्यंत ती आजूबाजूचा दाह दाबून ठेवते. माणसाला वर्षानुवर्षे काही कळत नाही. पुटी मरायला लागली की हा दाब सुटतो, मेंदूला सूज येते आणि फिट येते. डॉक्टर कृमीनाशकाबरोबर स्टिरॉइड देतात ते याचसाठी : कृमीला मारताना, तो इतके दिवस करत होता ते शांत ठेवण्याचे काम औषधाने करायचे. फिट आली की देवऋषीकडे नेण्याची वेळ आजही काही घरांवर येते. त्यांना ही गोष्ट कोणी नीट समजावून सांगितली पाहिजे.

हत्तीरोगातही असेच. विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन बोटाच्या टोकातून रक्त घेतात, कारण या कृमीची सूक्ष्म पिले रात्री, डास चावण्याच्या वेळेस, रक्तात उतरतात. ज्यांच्या रक्तात ती हजारोंनी सापडतात त्यांतले बहुतेक जण धडधाकट दिसतात. त्यांच्या प्रतिकारशक्तीचा सूर उतरलेला असतो : शांत करणारे संदेश जास्त, आणि प्रतिपिंडेही अशा जातीची की जी चिकटतात पण भडका उडवत नाहीत. उलट पाय सुजून हत्तीसारखे झालेल्यांच्या रक्तात पिले बहुधा नसतातच. त्यांच्या शरीराने ही शांतता पाळली नाही. लसिकावाहिन्यांत दाह झाला, मेलेल्या कृमींनी त्यात भर घातली, तुंबलेल्या पायात जिवाणूंचा संसर्ग वारंवार होत गेला. ज्याने परजीवीला हाकलले तो अपंग झाला, ज्याने सांभाळले तो रोग पसरवत हिंडला. यात जिंकले कोण, हे मला ठरवता येत नाही.

कृमी ही शांतता घडवतात कशी, याचे सर्वात स्वच्छ उदाहरण उंदराच्या आतड्यातल्या एका कृमीने दिले. रिक मेझेल्स यांच्या गटाने २०१७ मध्ये त्याने स्रवलेले एक प्रथिन शोधले. आपल्या शरीरात दाह आवरायला सांगणारा एक रेणू असतो. कृमीचे प्रथिन घडणीत त्याच्यासारखे अजिबात नाही, तरी त्याच ग्राहकावर बसून तेच सांगते, आणि दाह आवरणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे ही नक्कल वारशात मिळालेली नाही. पूर्ण निराळ्या मुळापासून निघून उत्क्रांती त्याच शब्दापाशी पोचली.

साहजिकच काहींच्या मनात आले की कृमींनाच औषध का करू नये? ब्युनोस आयर्समध्ये कोरेआले आणि फारेझ यांना मल्टिपल स्क्लेरोसिसचे असे बारा रुग्ण मिळाले ज्यांना आतड्यातल्या कृमींचा संसर्ग झाला होता. कृमी नसलेल्या रुग्णांच्या मानाने त्यांचा आजार कमी उफाळला. पुढे त्यांतल्या चौघांना कृमीनाशक द्यावे लागले, आणि आजार पुन्हा वाढला. अमेरिकेत डुकरातल्या एका कृमीची अंडी आतड्याच्या दाहाच्या रुग्णांना पाजली गेली. सुरुवातीचे छोटे प्रयोग आशादायक होते, मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. माझे मत स्पष्ट आहे : उपयोग झाला तर कृमीच्या रेणूचा होईल, कृमीचा नव्हे. जंतांना आपले जुने सोबती म्हणणाऱ्यांनी अंकुशकृमीने रक्त कमी झालेली, वर्गात झोपी जाणारी मुलगी पाहिलेली नसते. शाळेत मिळणारी जंताची गोळी तिच्यासाठी आहे आणि ती मिळत राहिलीच पाहिजे.

गोळीवरून आठवले. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी दोनाऐवजी तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. अशा मोहिमेत गोळ्या घेतल्यावर काही जणांना त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते. बातमी गावात पसरते आणि पुढच्या घरची माणसे गोळी हातात घेतात, तोंडात घालत नाहीत. हा त्रास बहुतेक करून त्यांनाच होतो ज्यांच्या रक्तात पिले असतात. हजारो पिले एकदम मरतात, त्यांच्या आतले सगळे रक्तात सांडते, आणि इतकी वर्षे गप्प बसवलेली प्रतिकारशक्ती पहिल्यांदा ते पाहते. दारात उभ्या असलेल्या आशाताईला हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती ओसरीवर बसते, पाण्याचा तांब्या मागवते आणि सांगू लागते.